केळीच्या पानावर एकतीस मासे

१

नाकुवे ओढ्याच्या वरच्या डोहाकाठी, केळीच्या लांब पानावर, एकतीस मासे ओळीने मांडलेले होते. सगळे मेलेले. पिवळ्या परांचे, पाण्यात असताना ऊन गिळल्यासारखे झळकणारे मासे. आता त्यांचे डोळे पांढरे झाले होते आणि माश्या घोंघावायला लागल्या होत्या.

फालेसी मुहोवा पानाशी गुडघे टेकून बसली. तिच्या पाठीला कापडाने बांधलेली आठ महिन्यांची तायामिका आईचे केस ओढण्यात दंग होती.

प्रत्येक माशाच्या डोळ्यामागे, कातडीखाली, रंगाचे दोन-तीन बारीक ठिपके होते. ते ओळखीसाठी फालेसीने दिलेले. सहा वर्षं ती या एका ओढ्यावर माशांचा अभ्यास करत होती. कोण कुठल्या डोहात वाढला, कोण पुरात वाहून गेला आणि कोण चिकाटीने परत वर चढून आला, हे तिला स्वतःच्या चुलत भावंडांपेक्षा नीट ठाऊक होतं. ही हिरवी-हिरवी-लाल मादी. तायामिका पोटात असताना फालेसीने हिला हातात धरलं होतं, तेव्हा दोघींची पोटं सारखीच तटतटलेली बघून तिचा मदतनीस लॅक्सन हसून हसून पाण्यात बसला होता.

आजही हिचं पोट अंड्यांनी भरलेलं होतं.

"मी कधीचा सांगतोय," मागून माकुलुनी म्हणाला. चहाच्या मळ्याच्या रखवालदारांचा तो प्रमुख. खाकी टोपी, पोटावर सुटलेलं बटण. पहाटेच्या फेरीत त्यालाच हे दिसलं होतं. त्याने पायाशी टाकलेल्या ओल्या पोत्यातून झुडपाच्या फांद्या ओढून काढल्या. "कातुपे. माशांचं विष. डोहात तरंगत होतं. आणि ही टोपली काठावर. कुणाची ते सांगायला नको."

टोपली एस्तेरे नाचुमाची होती. ओढ्यावर टोपल्या लावून मासे धरणाऱ्या बायकांची ती म्होरकी. आणि ती पायवाटेने वरच येत होती, मागे पाच-सहा बायका.

फालेसीच्या डोक्यात काहीतरी फुटलं.

"तूच! पाटी उपटलीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं!"

"कुठली पाटी? 'मासे धरू नयेत'वाली?" एस्तेरेने कमरेवर हात ठेवले. साठीची, कडक, काटकुळी बाई. "तिच्यावर दोन वेळची न्सिमा शिजली. लाकूड चांगलं होतं. पण मासे मी मारले नाहीत, पोरी. मारले असते तर इथे मांडून ठेवले असते का? खाल्ले असते."

बायका हसल्या. माकुलुनी हसला नाही.

"उद्या सकाळी गावप्रमुख म्फुमुंच्या अंगणात बैठक. तिथून पोलीस. आणि मळ्यातून ओढ्यावर यायची वाट बायकांना बंद. कायमची."

वाट बंद म्हणजे मासे बंद. मासे बंद म्हणजे पावसाच्या आधीच्या या दोन उपाशी महिन्यांत पोरांच्या ताटात नुसती मक्याच्या पिठाची न्सिमा आणि मीठ. हसू थांबलं.

"मी केलं म्हणून म्हणतं कोण?" एस्तेरेने विचारलं.

माकुलुनीने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "या डॉक्टरबाईच म्हणतात. त्यांचाच अहवाल. पान चौदा. 'या ओढ्यातील माशांना सर्वांत मोठा धोका स्थानिक स्त्रियांच्या कातुपेच्या वापराचा आहे.'"

एस्तेरेने कागदाकडे पाहिलंच नाही. ती फालेसीकडे पाहत होती.

"तू लिहिलंस हे?"

"हो."

"मला विचारलं होतंस?"

 तायामिका रडायला लागली म्हणून फालेसी उठली, उगाच झुलत पाण्याकडे वळली, आणि तशीच थांबली. काठालगतच्या उथळ पाण्यात बोटुकल्यांचा थवा इकडून तिकडे पळत होता. नखाएवढी, बोटाएवढी पिल्लं. शेकडो. ठणठणीत जिवंत.

पाण्यात विष असतं तर सगळ्यांत आधी हीच मेली असती.

२

"कुणी हात लावायचा नाही," फालेसी म्हणाली. माकुलुनी कुरकुरला, पण बाजूला झाला.

आता ती नुसती बघत नव्हती, वाचत होती. मासे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेले. सगळ्यांची तोंडं डावीकडे. गावातली कुठलीही बाई मासे पकडले की गवताची काडी कल्ल्यातून ओवून त्यांची माळ करते. असे कवायतीला उभे केल्यासारखे कोण मांडतं?

तिने कातुपेची फांदी उचलली. पानं अख्खी, टवटवीत.

"दे इकडे," एस्तेरेने फांदी हिसकावली, बघितली आणि तिच्या ओठांवर तुच्छतेची घडी पडली. "पान चौदा लिहिणारीला माहीत नसेल, म्हणून सांगते. कातुपे माझी आई वापरायची. ओढा आटून डबकी उरली, त्यात तडफडणारे मासे तसेही मरणार असले, तर. वाहत्या पाण्यात टाकेल ती बाई वेडी. आणि आधी दगडावर कुटून लगदा करावा लागतो. अशी फांदी टाकलीस तर मासा तिच्या सावलीत झोपेल, झोप!"

फालेसीचे कान तापले. सहा वर्षांत हे तिने कुणाला विचारलं नव्हतं.

डोहाच्या वर, ओढा जिथे दगडांतून खळाळत येतो तिथे, एस्तेरेच्या तीन बकऱ्या एका सपाट दगडावर तुटून पडल्या होत्या. गवत नव्हतं तिथे. त्या दगड चाटत होत्या, एकमेकींना ढुशा देत.

"सकाळपासून हटत नाहीयेत, मेल्या," एक बाई म्हणाली.

फालेसी चढून वर गेली, बकरीला ढकललं, बोट दगडावर फिरवलं आणि जिभेला लावलं.

खारट.

ती खाली आली. पिशवीतलं पातं काढलं, एक मोठा नर उचलला आणि त्याला पाठीकडून चिरलं. मांसात, कण्याच्या दोन्ही बाजूंना, काळपट रक्त साकळलेलं होतं. तिने बोटाने चाचपलं. कणा दोन ठिकाणी मोडला होता. दुसरा मासा, तोच प्रकार. तिसरा. माशाला बाहेर ओरखडा नाही आणि आत कणा मोडलेला.

"विषाने कणा मोडत नाही," ती पुटपुटली.

"मग कशाने मोडतो?" एस्तेरेने विचारलं.

याचं उत्तर फालेसीला ठाऊक होतं, पण ते तोंडावर आणायची हिंमत होत नव्हती. तिने हिरवी-हिरवी-लाल मादी अलगद उचलली आणि उलटी केली. पानाला टेकलेली उजवी बाजू वर आली. पोटाखालच्या उजव्या पराला टोकाशी अर्धचंद्राकृती तुकडा नव्हता. कात्रीने कापलेला, स्वच्छ, ताजा. तिने दुसरा मासा उलटा केला. तिसरा. एकतीसच्या एकतीस.

माशाचा फोटो नेहमी डाव्या बाजूचा काढतात. म्हणून तपासणीसाठी तुकडा घ्यायचा तो उजव्या पराचा, म्हणजे फोटोतली बाजू शाबूत राहते. तोंड डावीकडे, क्रमाने मांडणी, उजव्या पराचा तुकडा. हे गावातल्या बाईचं काम नव्हतं, मळ्याच्या रखवालदाराचंही नव्हतं.

असं करणारी माणसं या डोंगराच्या पायथ्याशी तीनच होती. एक ती स्वतः. उरलेले दोघे तिच्याच संशोधन केंद्रावर सकाळचा चहा पीत बसले होते.

३

संशोधन केंद्र म्हणजे पत्र्याचं तीन खोल्यांचं घर. व्हरांड्यात डॉ. ग्रेशम काद्झोम्बे खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. झोम्बा शहरातल्या विद्यापीठातून गुरुवारी आले होते. फालेसीला याच माणसाने माशांची पहिली ओळख करून दिली, याच माणसाने तिच्या प्रबंधावर सही केली.

"ऐकलं मी," ते म्हणाले. "फार वाईट झालं. पण बाळा, मी आधीपासून सांगत होतो. या बायकांना आवरायला हवं. बुधवारी पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं येतायत. त्यांना काय दाखवायचं आता? रिकामी काचेची टाकी?"

"तुम्ही काल ओढ्यावर गेला होतात, सर?"

"या गुडघ्याने? मी व्हरांडा उतरलो नाही." त्यांनी तायामिकाच्या पायाला प्रेमाने चिमटा काढला. "ताप उतरला का हिचा? बरं केलंस काल दवाखान्यात घेऊन गेलीस ते."

जा म्हणून तेच म्हणाले होते. शनिवारी सकाळी, किती मायेने. 'जा तू, पोरीकडे बघ, मी आहे इथे.' तिला तेव्हा भरून आलं होतं. आता ते आठवून तिच्या हाताच्या मुठी वळल्या.

मागच्या अंगणात लॅक्सन सिलिया जाळं शिवत होता. पन्नाशीचा मदतनीस, गेली वीस वर्षं केंद्रावर. लग्न करून बायकोच्या गावात राहायला आलेला, इथल्या रीतीप्रमाणे. त्यामुळे गावात त्याला प्रत्येक बाईचे टोमणे खावे लागत. एस्तेरे त्याच्या सासूची सख्खी बहीण.

"लॅक्सन, तुझे बूट कुठेत?"

"धुतले, डॉक्टर. वाळत घातलेत."

"रविवारी? तू बूट ईस्टरला धुतोस."

तो हसला नाही. सुई जाळ्यात फिरवत राहिला. पण गाठ मारत नव्हता. नुसतीच फिरवत होता.

"काल मीठ कशाला घेतलंस?"

सुई थांबली. हा तिने अंधारात मारलेला दगड नव्हता. येताना ती नाक्यावरच्या दुकानात डोकावली होती आणि दुकानवालीने स्वतःहूनच तोंड उघडलं होतं: 'तुमच्या लॅक्सनला विचारा हो, घरात बैल खारवतोय का? बारा किलो मीठ नेलं काल!'

"डॉक्टर," लॅक्सन हळूच म्हणाला, "मला तीन मुली आहेत. मला विचारू नका."

केंद्राभोवती कातुपेचंच कुंपण होतं. दाण्यांना किडे लागू नयेत म्हणून पूर्वी कुणी तरी लावलेलं. मागच्या कोपऱ्यात हातभर जागा भादरलेली होती. मोडक्या खुंटांतून अजून चीक पाझरत होता.

लॅक्सन तिथे होता, हे नक्की. पण तुकडे त्याने कापले नव्हते. पाच वर्षांपूर्वी फालेसीने पद्धत बदलली होती. ओढ्यातल्या माशाला पोटाखालचे पर प्रवाहात तोल धरायला लागतात, म्हणून तुकडा घ्यायचा तो शेपटीच्या वरच्या टोकाचा. लॅक्सनचा हात त्यावरच बसलेला. उजव्या पराची पद्धत जुनी. ती ज्या पुस्तिकेत होती, ती काद्झोम्बेंनी लिहिलेली. या बदलावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. 'माझ्या मांडीवर शिकलीस आणि मला शिकवतेस?'

ती व्हरांड्यात परतली. काद्झोम्बेंनी तिच्या चेहऱ्याकडे एकदाच पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"बस," ते म्हणाले. आवाजातली माया तशीच होती. म्हणून जास्त भीती वाटली. "तुझं कंत्राट डिसेंबरात संपतंय. मी ते दोन वर्षं वाढवून देऊ शकतो. पोर पाठीवर बांधून फिरणारीला कोण देतं गं काम? मी देतो. आणि त्या म्हातारीचं म्हणशील तर उद्या मीच तिच्यासाठी शब्द टाकतो. एक बकरी दंड, दोन वर्षं ओढ्यावर बंदी. तुरुंग नाही. सगळ्यांचं भलं."

"आणि मासे?"

"मासे परत वाढतात, फालेसी. तू घरी जा. पोरीला दूध पाज. उद्या बैठकीत तोंड मिटून बस, एवढंच."

४

म्फुमु नांगोमा या गावाच्या प्रमुख. सत्तरीची, ठेंगणीठुसकी, जाड भिंगांच्या चष्म्याची बाई. त्यांच्या अंगणातल्या मोठ्या झाडाखाली सगळं गाव बसलं होतं. बायका चटयांवर, पुरुष बाकांवर, काद्झोम्बे खुर्चीवर. एस्तेरे एकटी मध्ये. तिच्या मांडीवर तिची टोपली ठेवली होती, पुरावा म्हणून. ती टोपलीची सुटलेली काडी दुरुस्त करत होती.

माकुलुनीने पोतं दाखवलं, टोपली दाखवली, पान चौदा मोठ्याने वाचलं. काद्झोम्बे उठले आणि फार सौम्यपणे म्हणाले की अडाण्यांना शिक्षा नको, शिकवण द्यावी. एक बकरी पुरे.

"अडाणी!" एस्तेरे काडीवरून नजर न उचलता म्हणाली. "माझ्या बकऱ्या याच्यापेक्षा शहाण्या."

"तुला विचारलं की बोल," म्फुमु म्हणाल्या. "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

फालेसी उभी राहिली.   तायामिकाचा गरम श्वास मानेवर लागत होता.

"म्फुमु, एस्तेरेने मासे मारले नाहीत. कातुपेनेही मेले नाहीत. मी सांगते कसे मेले."

तिने केळीच्या पानात गुंडाळून आणलेले तीन मासे उलगडले, चिरलेले. "हात लावून बघा. कणा मोडलाय. विष कणा मोडत नाही. आमच्या केंद्रात एक यंत्र आहे, पाठीवर घ्यायचं. त्याने पाण्यात विजेचा झटका देतात, मासा क्षणभर बधिर होतो, जाळ्यात येतो. झटका जास्त झाला की मासा इतका आखडतो की त्याचा कणा आतल्या आत मोडतो. आणि विजेची एक रीत आहे: मोठ्या माशाला ती जास्त बसते, पिल्लाला कमी. विष पिल्लांना आधी मारतं. आपल्या डोहात मोठे सगळे मेले, पिल्लं सगळी जगली."

"यंत्र तर तुमच्याकडे सहा वर्षं आहे," म्फुमु म्हणाल्या. "इतकी वर्षं कसे नाही मेले?"

"मी ते या डोहावर वापरत नाही. इथलं पाणी डोंगरातून थेट येतं, इतकं निर्मळ की त्यातून वीज नीट धावतच नाही. मी जाळी लावते आणि तीन दिवस थांबते. पण ज्याला तीन दिवस थांबायचं नसतं, त्याच्यासाठी एक युक्ती आहे, फक्त आमच्या धंद्यातल्यांना माहीत असलेली. वरच्या धारेत मिठाचं पोतं ठेवायचं. पाणी खारं झालं की वीज धावते."

बाकावरून कुणीतरी म्हणालं, "म्हणून बकऱ्या!"

"म्हणून बकऱ्या. आधी साध्या पाण्यात काही मिळेना, म्हणून यंत्राचा काटा शेवटपर्यंत चढवला. मग मीठ ओतलं. पाणी बदललं, पण काटा खाली आणायचं राहून गेलं." ती वळली. "नव्या पोराकडून अशी चूक होत नाही, तो घाबरून दहादा काटा बघतो. सगळं येतं असं ज्याला वाटतं त्याच्याकडूनच होते. सर, शनिवारी तुम्ही डोहावर गेला होतात?"

"मी काल सांगितलं ना. माझा गुडघा..."

"गेला नव्हतात."

"नाही!"

"मग गाडीत, मागच्या सीटखाली नेहमी असते त्या तुमच्या निळ्या थंड पेटीत काय आहे?"

 एस्तेरेच्या बोटांतली काडी करकरली.

"बिअर असेल तर सगळ्यांना वाटा," म्फुमु म्हणाल्या. "माकुलुनी, आण."

"ती खाजगी वस्तू आहे!"

माकुलुनी क्षणभर घुटमळला. खुर्चीवरच्या माणसाकडे पाहिलं, मग फालेसीच्या हातातल्या मोडक्या कण्याकडे. आणि गेला. पेटी आली. आत बर्फाच्या पाण्यात करंगळीएवढ्या नळ्या, स्पिरिटने भरलेल्या. म्फुमुंनी चष्मा पुसून एकेक मोजायला सांगितली. एकतीस. प्रत्येकीवर काद्झोम्बेंच्या वळणदार अक्षरात: नाकुवे, वरचा डोह, शनिवारची तारीख. प्रत्येकीत अर्धचंद्राकृती पराचा तुकडा.

"ऑक्टोबरात, पावसाआधी, अंडी धरलेल्या माशांना हात लावायचा नाही, असं मी म्हणाले होते," फालेसी म्हणाली. "सरांना त्यांच्या लेखासाठी तुकडे हवेच होते, आणि बुधवारच्या पाहुण्यांसाठी टाकीत मोठे मासे. म्हणून मला दवाखान्यात धाडलं."

"तुला काय माहीत, पेटी अजून गाडीत असेल?" एस्तेरेने विचारलं. पहिल्यांदाच ती मान वर करून बोलत होती. "मी असते तर नळ्या त्याच दिवशी गटारात ओतल्या असत्या."

"तू ओतल्या असत्यास. आमच्यातला कुणी ओतत नाही. मासे मेले, ते मेलेच, पण तुकडा हातचा सोडवत नाही." तिने एक नळी परत पेटीत ठेवली. "मीही सोडला नसता."

५

मागच्या बाकावर लॅक्सन उभा राहिला. टोपी हातात.

"मीठ मी ओतलं, म्फुमु. कातुपेही मीच तोडलं. मासे उलटे होऊन वर येत गेले, एकामागून एक, आणि साहेब म्हणाले, थांब, आधी मापं घेऊ. पानावर मांडून मापं घेतली, तुकडे कापले. तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी वाजली, म्हणून पान तिथेच राहिलं. घरी आल्यावर साहेब म्हणाले, कुंपणाचं तोड आणि टाकून ये, बायकांवर जाईल. मी म्हणालो, एस्तेरे माझ्या सासूची बहीण आहे. ते म्हणाले, मग नोकरी सोड."

"आणि माझी टोपली?" एस्तेरेने विचारलं.

"ती तिथेच होती. मी ती हलवली नाही."

"हलवली नाहीस! वा रे जावई." ती उठली, त्याच्यापाशी गेली. तो मार खायला तयार असल्यासारखा उभा राहिला. तिने त्याला मारलं नाही. नुसतं बघितलं, बराच वेळ, आणि परत येऊन बसली. लॅक्सनला मार परवडला असता.

"अपघात होता तो," काद्झोम्बे म्हणाले. आवाज पहिल्यांदाच चढला होता. "पस्तीस वर्षं काम केलंय मी या देशातल्या माशांवर! एका अपघातासाठी..."

"मासे मेले, तो अपघात," फालेसी म्हणाली. "कातुपे अपघात नव्हता. आणि बकरी दंड हाही अपघात नव्हता."

"डिसेंबरपर्यंत तरी कशाला थांबतेस? आजच सामान आवर."

"आवरते. तसं लेखी द्या. खाली सही करा तुमची."

हशा झाला, पण म्फुमुंनी हात वर केला. "झालं?"

"नाही," फालेसी म्हणाली.

हा भाग तिने कुणालाच सांगितलेला नव्हता. रविवारी दुपारी तायामिका झोपल्यावर ती स्वतःचा अहवाल घेऊन बसली होती. पान चौदावरचं ते वाक्य कुठून आलं ते शोधत. तिने ते एका जुन्या लेखातून उचललं होतं. तो लेख तिने काढला. त्याने ते आणखी जुन्या अहवालातून उचललं होतं. त्या अहवालाखाली कुणाचंच नाव नव्हतं, कुठल्या ओढ्याचंही नव्हतं. कुणीच कधी काही पाहिलं नव्हतं.

"सरांनी कातुपे टाकलं, कारण त्यांना ठाऊक होतं की सगळे विश्वास ठेवतील," ती म्हणाली. "माकुलुनींनी ठेवला. मी ठेवला, काठावर ओरडलेसुद्धा. का ठेवला? पान चौदामुळे. आणि पान चौदा मी लिहिलं. सहा वर्षं इथे राहून, एस्तेरेच्या दारावरून रोज दोनदा जाऊन, मी एकदाही न विचारता लिहिलं. ते खोटं आहे. एकतीस माशांचा खून सरांनी केला. पण फासाची दोरी मी आधीच वळून ठेवली होती."

तिने माकुलुनीच्या हातातून कागद घेतला आणि फाडायला दोन्ही हातांत धरला.

"फाडू नकोस," एस्तेरे म्हणाली.

"का?"

"फाडलंस की तू मोकळी. खाली लिही. त्या वाक्याच्या खालीच लिही की ते खोटं आहे, आणि ज्याला ज्याला हे पाठवलंस त्या सगळ्यांना परत पाठव."

म्फुमुंनी चष्मा काढून नाकावरचे वळ चोळले.

"वाट उघडी राहील. माकुलुनी, मळ्याच्या साहेबाला मी स्वतः सांगते. आणि तुला पोलीस बोलवायचेच असतील तर आता बोलव, माणूस खुर्चीवर बसलाय. नळ्या माझ्याकडे राहतील. ते यंत्रही माझ्या घरात राहील, बायका सोड म्हणतील तेव्हा सुटेल. त्या म्हणाल्या नाहीत तर त्यात मी कोंबड्या बसवीन."

काद्झोम्बेंना पोलिसांची गाडी न्यायला आली तेव्हा दुपार झाली होती. जाताना ते फालेसीच्या बाजूने गेले. तिला वाटलं होतं की आनंद होईल. झाला नाही. ज्या माणसाने पहिल्यांदा तिच्या तळहातावर जिवंत मासा ठेवला होता, तो गुडघा ओढत गाडीत चढत होता, आणि राग काही उतरत नव्हता. उलट रागाला आता बसायला जागा उरली नव्हती.

तायामिका भुकेने किंचाळायला लागली. फालेसी झाडाच्या मुळावर बसली, तिला पुढे घेतलं, अंगाशी लावलं. पोर अधाशासारखी प्यायली. अंगण रिकामं होत गेलं. बायका एस्तेरेभोवती गलका करत निघाल्या. एकीनेही फालेसीकडे वळून पाहिलं नाही.

मग एस्तेरे एकटी परत आली. उभी राहिली. दूध पिणाऱ्या पोरीकडे बघत राहिली.

"नोकरी गेली ना तुझी?"

"गेली."

"आता काय करणार?"

"माहीत नाही. ते कागदाचं आधी करते. पाठवायला वेळ लागेल, शंभर जणांना गेलाय."

"हं." एस्तेरेने टोपली डोक्यावर ठेवली. "उद्या उजाडता आम्ही खालच्या डोहावर जाणार. ये."

"मोजायला?"

"नाही. मोजायला नाही, लिहायला नाही. बघायला. तोंड मिटून."

फालेसीने मान हलवली. बोलायला गेली असती तर रडू फुटलं असतं, आणि ते एस्तेरेला चाललं नसतं.

"आणि पोरीला उन्हाचं टोपडं आण," जाता जाता एस्तेरे म्हणाली. "आणि म्हणे डॉक्टर!"